पहिल्या स्वराआधी

मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्तोचा, म्हणजे एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा, पहिला भाग सुरू होतो तेव्हा एकलवादकाला भरपूर वेळ मिळतो. वाद्यवृंद ५६ बार (तालाचे छोटे खंड) वाजवतो आणि मग ५७व्या बारला क्लॅरिनेट येतं. तोवर हात ऊबदार होतात, रीड, म्हणजे थरथरून आवाज काढणारी वेताची पातळ पट्टी, ओली राहते, सभागृहाचा अंदाज येतो. दुसऱ्या, संथ भागात, अडाजोत, यातलं काहीच नाही. पहिल्याच बारला क्लॅरिनेट आणि त्याच्याखाली तंतुवाद्यं हळू आवाजात एकदम सुरू होतात. त्याआधी फक्त शांतता, आणि त्या शांततेत वाजवणाऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो: हा स्वर जिभेने सुरू करायचा की नुसत्या श्वासाने?

गेली कित्येक वर्षं मी या एका स्वराभोवती फिरते आहे. मी व्यावसायिक वादक नाही. पण या प्रश्नाने मला वाद्याबद्दल आणि गाण्याबद्दल जेवढं शिकवलं तेवढं वेगवान तुकड्यांच्या रियाजाने शिकवलं नाही.

आधी त्या स्वराबद्दल सांगते. पाश्चात्त्य स्वरनावांत कागदावर तो सी आहे. पण हा कॉन्चेर्तो ए क्लॅरिनेटसाठी आहे, आणि त्या वाद्यावर कागदावरचा सी वाजवला की कानाला ए ऐकू येतो. वाद्यवृंद मंचावर बसला की ज्या स्वराला सगळी वाद्यं जुळवली जातात तोच हा ए. आजच्या सर्वमान्य हिशेबात सेकंदाला ४४० कंपनं. एरवी तो ओबो हे फुंकवाद्य देतं. या कॉन्चेर्तोत ओबो नाहीतच. दोन बासऱ्या, दोन 'बसून' (खर्जातली फुंकवाद्यं), दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं एवढीच मंडळी. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं. जो स्वर श्रोत्यांनी वाद्यं जुळवताना ऐकला, तोच आता गाणं म्हणून ऐकायचा आहे.

अडाजोचा आधार डी आहे. आपल्या भाषेत डी हा षड्ज धरला, तर ए म्हणजे त्याच्या खालचा पंचम. सुरावट पंचमावरून षड्जावर आणि तिथून शुद्ध गंधारावर जाते: प़, सा, ग. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची आणि दुसरी षड्जाची, म्हणजे बहुतेक रागांच्या बैठकीत गवयाच्या कानावर पहिले येतात तेच दोन स्वर इथे पहिले आहेत. मी लहानपणी गाणं शिकत होते म्हणून हे लगेच लक्षात आलं. तानपुरा छेडायलाही शिकवावं लागतं. तारेवर बोट पडल्याचा टणत्कार ऐकू येता कामा नये. बोट तारेवरून सरकून निघावं आणि मागे फक्त आस उरावी. नवशिक्याच्या हाती तानपुरा दिला की आधी बोटच ऐकू येतं. अडाजोच्या पहिल्या स्वराचं सगळं दुखणं आणि सगळं सौंदर्य यात आलं.

क्लॅरिनेटची नळी बाहेरून साधी दिसते, पण ती एका टोकाला बंद असलेल्या नळीसारखी वागते. त्यामुळे वरच्या सप्तकात जायची तिची रीत बासरीहून वेगळी आहे. बासरी जोरात फुंकली की आठव्या स्वरावर जाते. क्लॅरिनेट थेट बाराव्यावर. अडाजोचा पहिला स्वर वाजवायला जी बोटं लागतात, तीच बोटं ठेवून डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर की, म्हणजे स्वर वर नेणारी कळ, सोडली तर तळातला डी वाजतो, त्या भागाचा षड्जच. त्या डीच्या बरोबर तिप्पट कंपनं म्हणजे आपला ए. पहिला पंचम असा त्या षड्जाच्या नळीतूनच निघतो. डाव्या हाताची करंगळी सोडली तर सगळी बोटं या स्वराला कामाला लागतात. उजवा अंगठा वाद्याचं ओझं धरतो आणि बाकीची भोकं आणि कळा झाकतात. जवळजवळ अख्खी नळी बंद, म्हणून हा स्वर थोडा आडमुठा. एखादं बोट केसभर वर राहिलं की तो चिरकतो किंवा उमटतच नाही.

आता तोंडाच्या आत काय होतं ते. बहुतेकांना वाटतं, आणि शिकणाऱ्यांना तर हमखास वाटतं, की जीभ रीडवर आदळते आणि त्यातून स्वर निघतो. उलट आहे. जीभ आधीपासूनच रीडला टेकलेली असते. मागे हवेचा दाब भरलेला असतो. ओठ, गाल, पोट सगळं स्वर चालू असल्यासारखं तयार असतं, फक्त रीड थांबवलेली असते. मग जीभ मागे सरते, आणि स्वर असतो. पतंग उडवताना समोर पतंग धरून उभा असलेला मुलगा पतंग फेकत नाही; तो फक्त हात सोडतो, ओढ दोऱ्यात आधीच आलेली असते. जिभेचं काम एवढंच.

यामागचं कारण समजलं की मनाला मोठी शांती मिळते. रीडचं टोक साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतं. ती थरथरायला लागण्यासाठी किमान काही दाब लागतो. त्याखाली नुसती हवा सुसाटते. दाब त्या मर्यादेच्या वर गेलेला असताना जीभ सोडली की कंपन तत्काळ वाढतं आणि स्वर नेमक्या क्षणी उभा राहतो. जीभ न लावता दाब हळूहळू वाढवत नेला तर कधीतरी ती मर्यादा ओलांडली जाते आणि स्वर उमलतो. पण नेमका कधी, ते त्या दिवसाची रीड ठरवते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये क्लॅरिनेटवादकांच्या तोंडातला दाब आणि जिभेचा स्पर्श दोन्ही मोजून यावर काम प्रसिद्ध केलं. स्वराची सुरुवात ठाशीव की मऊ हे जीभ किती जोरात लागते यापेक्षा दाब कसा चढतो आणि जीभ त्या चढणीत कुठे सुटते, या दोहोंच्या मेळावर ठरतं. वाचलं तेव्हा मला माझे क्लॅरिनेटचे सर आठवले.

सर मूळचे सासष्टीचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत सोल्फेजो, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकून मुंबईत आले आणि उमेदीची वर्षं सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत घालवली, जसं त्यांच्या पिढीतल्या अनेक गोंयकार वादकांनी केलं. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाचा कणा ही माणसं होती. सरांची मराठी कोकणीच्या चालीवर जायची. मी जीभ जोरात लावली की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मारायचं नाय गो, सोडायचं." दुसरं वाक्य क्वचितच. पुढे कधीतरी मी विचारलं, "सर, पण सोडायच्या आधी काय करायचं?" ते म्हणाले, "आधी वाजव. मनात वाजव. वाजत असलं म्हणजे मग सोड." तेव्हा ते मला गूढ वाटलं होतं. आता कळतं की ते अगदी शब्दशः सांगत होते: दाब, ओठ, घशाचा आकार, सगळं त्या स्वराचं व्हायला हवं, आवाज सोडून.

इंग्रजी पुस्तकांत जिभेसाठी 'टू' किंवा 'ताह' असे उच्चार सुचवलेले असतात. मराठी विद्यार्थी ते 'ट'ने वाचतो. आपला ट मूर्धन्य आहे. जिभेचं टोक वर वळून टाळूकडे जातं, म्हणजे रीडपासून दूर. अशा जिभेने रीडच्या टोकाला अलगद शिवताच येत नाही. इंग्रजांचा टी आपल्या ट आणि त यांच्या मधल्या जागी, हिरड्यांवर उमटतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला आला की त्याच्या मागोमाग हवेचा एक झोत निघतो. क्लॅरिनेटला तो झोत घातक आहे. जीभ सुटल्यावर हवा उसळली की पहिला स्वर आधी फुगतो आणि मग सावरतो.

आपल्याकडे याचं उत्तर वर्णमालेत तयार आहे. त आणि थ यांतला फरक आपण बालवाडीत शिकतो: जीभ तीच, जागा तीच, एकात श्वास उसळतो, दुसऱ्यात नाही. क्लॅरिनेटला हवा तो त. दातांना टेकणारा, अल्पप्राण, मागे काहीही न उसळणारा. त्याहून मऊ हवा असेल तर द, कारण त्यात घोष आधीच सुरू झालेला असतो. द म्हणताना स्वर सुरू असल्याचा भास तोंडाला होतो, आणि तोच भास हवा आहे. त्याहूनही मऊ म्हणजे ल, ज्यात जीभ टेकलेली असताना हवा दोन्ही बाजूंनी वाहतच असते. चालू सुरावटीत दोन स्वर नुसते शिवून वेगळे करायचे असले की मी ल मनात धरते. मला खरंच वाटतं की मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना क्लॅरिनेटची जीभ शिकवायची असेल तर परदेशी उच्चारांची उसनवारी बंद करावी. दंत्य, मूर्धन्य, अल्पप्राण, महाप्राण हे सगळं त्यांच्या तोंडात जन्मापासून आहे. शिक्षकाने फक्त बोट ठेवायचं.

अडाजोच्या पहिल्या स्वरासाठी मी द वापरते. त्यावर मतभेद आहेत, आणि ते टोकाचे आहेत.

आजकाल अनेक शिक्षक सांगतात की हळू आणि गेय सुरुवात असेल तर जीभ लावूच नये. स्वर श्वासातूनच यावा, कुठे सुरू झाला ते कळू नये. ऐकायला हे फार मोहक असतं. मला ते अडाजोत पटत नाही. क्लॅरिनेटबरोबर त्याच क्षणी तंतुवाद्यांचे गज सुरू होतात. गजाला सुरुवात असते, कितीही मऊ असली तरी. क्लॅरिनेट धुक्यातून आलं आणि व्हायोलिनं आपल्या जागी आली तर पहिली मात्रा दुभंगते. शिवाय पंचम हा चालीचा पाया आहे. तिथून चौथ्या स्वराची उडी घेऊन षड्जावर जायचं आहे. उडी घेणाऱ्याचा पाय कुठे होता हे श्रोत्याला कळलं पाहिजे. ख्यालाच्या बैठकीत गवई आकारात अलगद शिरू शकतो, कारण तानपुरा आधीपासून झंकारत असतो; तो वाहत्या सुरात पाऊल टाकतो. अडाजोत तसा सूर वाहत नसतो. तिथे क्लॅरिनेट आणि तंतुवाद्यांनी मिळून तो निर्माण करायचा असतो.

श्वासाने सुरू करायच्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्या मला तितक्याच प्रिय आहेत. इटालियन संगीतकार रेस्पिगीच्या 'रोमचे पाइन वृक्ष' या रचनेचा पहिला प्रयोग डिसेंबर १९२४ मध्ये रोमला झाला. तिच्या तिसऱ्या भागात पियानोच्या सरी विरतात आणि क्लॅरिनेटचं एकल येतं. त्यावर सूचना आहे 'कोमे इन सोन्यो', जणू स्वप्नात. तिथे जीभ लावणं म्हणजे झोपलेल्याला हलवून उठवणं. पियानोचा नाद अजून हवेत आहे, आणि क्लॅरिनेटने त्यातून निघायचं आहे. वाहता सूर तिथे आहे. त्याच वर्षी, १२ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये अमेरिकन संगीतकार गर्श्विनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' प्रथम वाजली. तिची सुरुवातही क्लॅरिनेटनेच होते: तळातल्या एका स्वरावर थरथरतं ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने अदलाबदल), आणि मग वर जाणारी ती प्रसिद्ध घसरण. गर्श्विनने सुटे सुटे स्वर लिहिले होते. क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने ते एका ओढीत वाजवले आणि गर्श्विनला ते आवडलं. तिथे जीभ स्पष्ट हवी. श्वासाने सुरू केलेलं ते ट्रिल कधी सुरू झालं हेच कळत नाही, आणि मग पुढची सगळी चढण अर्धवट वाटते.

फ्रेंच संगीतकार मेस्सियांचं 'काळाच्या अंतासाठी चौकडी' १५ जानेवारी १९४१ला ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पहिल्यांदा वाजलं. त्यातला तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटसाठी आहे. तो तिथे आंरी आकोका यांनी वाजवला. त्यात असे दीर्घ स्वर आहेत जे जवळजवळ शून्यातून निघतात आणि वाद्याला पेलेल तेवढ्या जोरापर्यंत वाढत जातात. ते जिभेने सुरू केले तर त्यांचा अर्थच संपतो. स्वर कधी सुरू झाला हे वाजवणाऱ्यालाही आधी ओठात कळावं आणि मग कानात. मी ते वाजवायचा प्रयत्न करते तेव्हा पोटाचे स्नायू दुखतात, कारण इतका कमी दाब स्थिर धरणं हे जोरात फुंकण्यापेक्षा कष्टाचं आहे.

मोझार्टला काय हवं होतं, याचा निवाडा करता येत नाही. कॉन्चेर्तो १७९१च्या ऑक्टोबरात पूर्ण झाला. दोन महिन्यांत, ५ डिसेंबरला, मोझार्ट गेला. तो लिहिला होता मित्र आंटोन श्टाडलरसाठी, आणि नेहमीच्या क्लॅरिनेटहून खाली उतरणाऱ्या बॅसेट क्लॅरिनेटसाठी. हस्तलिखित हरवलं. १९व्या शतकाच्या आरंभी छापून आलेल्या प्रतींत खालचे स्वर साध्या क्लॅरिनेटला जमतील असे वर उचललेले होते. स्वरांवरच्या कमानी, टिंबं, कुठे जोडायचं आणि कुठे जीभ लावायची, या खुणांतल्या किती मोझार्टच्या आणि किती प्रकाशकांच्या, हे कागदावरून ठरत नाही. त्यात भर म्हणजे त्या काळचे बरेच वादक माउथपीस (रीड बसवलेला तोंडात धरायचा भाग) उलटा धरत, रीड वरच्या ओठाला लागेल असा. रीड वर असली की जीभ आजच्यासारखी तिच्या टोकाला खालून शिवत नाही. त्यामुळे 'मूळ पद्धत' म्हणून जे सांगितलं जातं त्याच्यापुढे मी मान तुकवत नाही. कान आणि तंतुवाद्यं यांना विचारून ठरवते.

आणि रीडला विचारून. क्लॅरिनेटच्या रीडचा वेत मुख्यतः दक्षिण फ्रान्समधल्या व्हार प्रांतातून येतो. अरुंडो डोनॅक्स नावाचं, बांबूसारखं दिसणारं उंच गवत. ते भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हात वाळवलेलं असतं, आणि आपण ते जुलैतल्या मुंबईत तोंडात धरतो. पावसाळ्यात रीड फुगते, जड होते, हळू स्वराला उत्तर द्यायला वेळ लावते. एप्रिलात पुण्याला तीच रीड वाळून टोकाशी लहरी होते आणि वाद्याचं काळं लाकूड फुटेल की काय अशी धास्ती वाटते. जिभेशिवायची सुरुवात या हवेत फार बेभरवशाची होते. द म्हणणाऱ्या जिभेला निदान क्षण तरी ठरवता येतो. उन्हाळ्यात मी वाजवायच्या आधी रीड बराच वेळ पाण्यात ठेवते. पावसाळ्यात थोडी हलकी रीड घेते.

वरातीच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांची जीभ कडक असते, आणि ती तशीच असायला हवी. बाजूला ढोल-ताशा, ट्रंपेट, रस्त्यावरचे हॉर्न. त्यात गाण्याचा मुखडा ऐकू जायचा तर प्रत्येक ओळीची सुरुवात कोरलेली हवी. लहानपणी मी क्लॅरिनेट पहिल्यांदा अशा रस्त्यावरच ऐकलं. माझ्या कानात वाद्याचा तो चेहरा अजून आहे आणि मी तो पुसू दिलेला नाही. सरांनाही तो आवडायचा. ते म्हणायचे, रस्त्यावर एवढं स्पष्ट वाजवणाऱ्याला सभागृहात मऊ वाजवायला शिकवता येतं. ज्याला स्पष्टच वाजवता येत नाही त्याचा मऊपणा नुसता भित्रेपणा असतो.

अडाजोच्या मध्यावर, ५९व्या बारच्या आसपास, वाद्यवृंद थांबतो. क्लॅरिनेट एक छोटा, मोकळा दुवा वाजवतं, आणि सुरुवातीची चाल परत येते. तोच पंचम, तीच बोटं, तोच हळू आवाज. वाजवणारा मात्र आता शांततेतून येत नाही, स्वतःच्याच आधीच्या स्वरांतून येतो. तो दुवा प्रत्येकाने आपला बांधायचा असतो. काही जण त्याच्या शेवटी श्वास घेतात आणि चाल पुन्हा सुरू करतात, पहिल्यासारखीच. मी दुवा त्या पंचमावरच उतरवते आणि मध्ये श्वास घेत नाही. वाहता सूर इथे आहे, तो मीच आणलेला आहे. म्हणून इथे द नाही, कोणताच वर्ण नाही. जीभ रीडपासून दूर ठेवायची, तंतुवाद्यं येईपर्यंत दाब तसाच धरायचा, आणि ती आली की उजव्या हाताची तीन बोटं एकदम उचलून षड्जावर जायचं. यासाठी दुव्याच्या आधी पोटभर श्वास घ्यावा लागतो, कारण पुढची ओळही त्यातच बसवायची असते. सध्या मी तेवढाच भाग घोळवते आहे.